काकीला कुणी विचारलंच नव्हतं

गूळ चाखून ‘गोड आहे’ म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी. मुरगूडजवळ आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. मी कोल्हापुरात बी.एड. करत होते, आणि रविवारी घरी आले की वडील, म्हणजे आप्पा, मला गुऱ्हाळावर बसवायचे, आल्यागेल्याला रस द्यायला. आमच्याकडची रीतच आहे ती. गुऱ्हाळावर कुणी पाय ठेवला की आधी उसाचा रस, मग पानावर गरम गूळ, आणि ‘काय काम काढलंसा’ हे सगळ्यात शेवटी. वैरी आला तरी तसाच परत पाठवायचा नाही.

तर हा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाईल, आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. पाटातनं आला होता बहुतेक, शहाणा! मला वाटलं, कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या अडत्यानं माल बघायला पाठवलेला माणूस. मी ग्लास भरून दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, एका दमात संपवला. मग मी पानावर गूळ दिला, तोही खाल्ला. बोटं चाटली.

“मग? कसा काय वाटला?” मी विचारलं.

“गोड आहे.”

“अवो, गूळ हाय! गोड असणारच की. दाणा कसा पडलाय, रंग कसा आलाय ते बोला.”

त्यानं पानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पानाकडं. कान लालबुंद झाले त्याचे. “रंग… बरा आहे की.”

“बरा? पंचक्रोशीत असा गूळ न्हाय आणि तुम्ही बरा म्हणताय? कुठल्या अडत्याकडनं आलासा?”

“मी अडत्याकडनं नाही आलो,” तो म्हणाला. “मी… वकील आहे.”

मला हसूच फुटलं. तोही हसला, एका बाजूनं, जरासा घाबरल्यासारखा. एवढ्यात चुलवाणाच्या जाळाकडनं आप्पा आले, धोतराला हात पुसत. “या पावणं. वकील म्हणालासा? आमच्याकडं काय काम काढलंसा?”

तो उठून उभा राहिला. “गुंडूच्या दयेच्या अर्जासाठी आलोय.”

गुंडू आमच्याच भावकीतला. सात वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं रात्री भांडण झालं, आणि त्यानं फावड्यानं माझ्या चुलत्यांना, जोतीरामकाकांना मारलं. बापाला सोडवायला धावलेल्या सम्राटलाही मारलं. सम्राट एकोणीस वर्षांचा होता. मला सायकल त्यानंच शिकवली, मागं कॅरिअर धरून, ‘पुढं बघ गं भवाने’ असं ओरडत. गुंडूला फाशी झाली. ती दिल्लीपर्यंत कायम झाली, राज्यपालांनी अर्ज फेटाळला, आता फक्त राष्ट्रपती राहिले होते. आमच्या घरात गुंडूचं नाव कुणी घेत नव्हतं. आणि हा माणूस ते नाव आमच्याच गुऱ्हाळावर, आमचाच गूळ खाऊन घेत होता.

आप्पांचा चेहरा दगड झाला. “नाव काय तुमचं?”

“प्रसेनजीत कांबळे. हातकणंगल्याचा.”

“आमचा गूळ खाल्लाय तुम्ही कांबळे, म्हणून हात उचलत न्हाय. वाटंला लागा.”

त्यानं फाईल उचलली आणि निघाला. संताप मलाही आला होता, अंगाची आग होत होती. पण माझी एक खोड आहे. एखादी गोष्ट कळली नाही की मला जेवण गोड लागत नाही. मी बांधावरनं पळत जाऊन त्याला गाठलं.

“थांबा! भीती वाटली न्हाय तुम्हाला?”

“वाटली की. अजून पाय कापतायत.”

“मग आलासा कशाला?”

“त्या अर्जात सगळ्यांचं म्हणणं आहे… पोलिसांचं, कोर्टांचं, तुरुंगाचं. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांचं काहीच नाही. नाही म्हणायला का होईना, कुणीतरी विचारायला नको?”

“मग आमचं न्हाय!”

“बरं,” तो म्हणाला. मान हलवली आणि चालायला लागला. परत पाटातनंच.

बरं? नुसतं बरं? वकील म्हणे! भांडता पण येत नाही. आठवडाभर मी वर्गात बसून त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते. एकदाही तो हरला नाही मेला, नुसतं ‘बरं’ म्हणत राहिला.

पुढच्या शनिवारी बिंदू चौकातनं चालले होते, तर हा तिथं उभा! कडेला एक टेबल, त्यावर सह्यांचे कागद, दगड ठेवलेले, आणि भोवती पंधरा-वीस माणसं. कोल्हापूरची माणसं हळू बोलत नाहीत हे सांगायला नकोच. “दोन मुडदे पाडलं आणि त्याला सोडायचा व्हय?” “सोडायचा नाही, जन्मठेप,” हा म्हणत होता. “फुकट पोसायचा व्हय जन्मभर?” हा परत तेच शांतपणे. एक जाडजूड गृहस्थ स्कूटरवरनं उतरला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, “तुझ्या घरात झालं असतं म्हणजे कळलं असतं!”

मी कधी पुढं गेले मला ठाऊक नाही. “माझ्या घरात झालंय,” मी म्हणाले.

त्याचा हात टेबलावरच राहिला.

“माझा चुलता आणि माझा भाऊ. सात वर्सं झाली. मला अजून ठरवता आलं न्हाय त्याचं काय करायचं ते. तुम्हाला स्कूटरवरनं उतरायच्या आत कसं ठरवता आलं?”

गृहस्थ स्कूटर ढकलत निघून गेला. गर्दी पांगली. प्रसेनजीत माझ्याकडं असा बघत होता, की मी उगीचच ओढणी सारखी केली… दोनदा.

“चहा घेणार?” तो म्हणाला.

“सही करणार न्हाय हं मी.”

“चहावर सही लागत नाही.”

कोर्टाजवळच्या गाड्यावर आम्ही उभ्यानं चहा घेतला. मी प्रश्नांचा नुसता धडाका लावला. गुंडूला त्यानं बघितलंय का? येरवड्याला, दोनदा. कसा दिसतो? म्हातारा. पस्तिशीतच म्हातारा झालाय. काय बोलतो? “पहिल्यांदा गेलो तेव्हा मला म्हणाला, यंदा ऊस किती लागलाय आपल्याकडं?”

मी विषय बदलला. “आणि तुम्हाला काय मिळतं ह्यात?”

“शिव्या.”

“खरं सांगा.”

त्यानं चहाचा ग्लास गोल गोल फिरवला. “मला ते पटत नाही. एका माणसाला दिवस सांगून, वार सांगून, सगळ्यांनी मिळून मारायचं… आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कामावर जायचं. एवढंच. फार मोठं काही नाही.” मग हळूच हसला. “आणि त्या दिवशी काम आधी सांगितलं असतं तर गूळ मिळाला नसता. आमचे आजोबा सांगायचे, गुऱ्हाळावर त्यांना रस वरनं ओतायचे, ओंजळीत. तुम्ही ग्लास हातात दिलात. म्हटलं, आधी खाऊन तरी घेऊ!”

मी हसले नाही. हसता आलंच नाही. त्यानं ग्लास दोन्ही हातांनी का धरला होता ते मला आत्ता कळत होतं, आणि हा माणूस मला आवडायला लागलाय हेही. दोन्ही एकदमच कळलं, त्यामुळं चहा सांडला.

“एक विचारू?” तो म्हणाला. इतका वेळ मीच विचारत होते. “तुमच्या काकी काय म्हणतात?”

“शेवंताकाकी? काकी काय म्हणणार… फाशीच म्हणत असणार.”

“असणार म्हणजे? विचारलंय कुणी?”

मी आठवून बघितलं. जबाब आप्पांनी दिला होता. पेपरवाल्यांना सरपंच बोलले होते. गावानं ठराव केला होता. काकी सात वर्षं म्हशींचं शेण काढत होती, धारा काढत होती, दूध डेअरीला घालत होती. तिचा नवरा गेला, तिचा पोरगा गेला… आणि तिला कुणीच, अगदी मीसुद्धा, विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात गेले. काकी धार काढत होती. मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

“काय गं? तोंड का शिवलंय आज?” काकी म्हणाली.

“काकी… गुंडूला फाशी व्हावी असं तुला वाटतं?”

धारेचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ही मला थोबाडीत मारणार. पण तिनं म्हशीच्या अंगाला डोकं टेकलं.

“मला त्याला एक इचारायचं हाय.”

“काय?”

“माझा सम्राट शेवटला काय बोलला? पाणी मागितलं काय? मला हाक मारली काय? तितं दुसरं कोण न्हवतं गं. ह्यो एकटाच हुता. समदी म्हणत्यात त्याला लटकवा, लटकवा… आणि ह्यो गेल्यावर मला कोण सांगणार?”

मी काकीला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. ती नाही रडली. माझ्या पाठीवरनं दुधाचा ओला हात फिरवत राहिली.

सोमवारी वर्ग बुडवून मी कोर्टात गेले. काळ्या कोटात तो अगदीच वेगळा दिसत होता, आणि मला बघून त्याच्या हातातले कागद खाली पडले, हे मला फार आवडलं. पण मी काकीचा प्रश्न सांगितला आणि त्याचं हसू विझलं.

“तुम्हाला कळतंय ना,” तो म्हणाला, “काय उत्तर येईल ते आपल्याला ठाऊक नाही. ऐकून त्या आणखी मोडल्या तर? आणि मग ‘द्या फाशी’ म्हणाल्या तर?”

“तर तुम्ही ते पण अर्जात लिवायचं. विचारायला पायजे म्हणत हुतासा न्हवं?”

त्यानं खाली पडलेले कागद उचलले. “बरं,” म्हणाला. ह्या वेळचा ‘बरं’ मला भांडल्यासारखा नाही वाटला. मग तो म्हणाला, “आणि हे ‘अहो-तुम्ही’ कधी थांबवायचं?”

“येरवड्यासनं आल्यावर बघू,” मी म्हणाले आणि जिना उतरून पळाले.

तो परत आला तेव्हा थेट आमच्या गावालाच आला. आप्पा बाजाराला गेलेले. मी त्याला गोठ्याकडं नेलं. काकी ओंडक्यावर बसली, तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला, इस्त्रीची पॅन्ट असून.

“त्यानं सांगायला फार वेळ घेतला,” प्रसेनजीत म्हणाला. “आधी नुसता रडला. मग सांगितलं. सम्राट पडल्यावर थोडा वेळ शुद्धीत होता. गुंडूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सम्राट म्हणाला… ‘गुंडूदा, आईला एकदम सांगू नगंस. तिला चक्कर येती.’”

काकीनं दोन्ही हात तोंडावर दाबले.

मीही जागची हलले नाही. कारण ते खरं होतं. काकीला तेव्हा चक्कर यायची. वाईट काही कानावर आलं की कोसळायची. ती गोष्ट ती आणि सम्राट घरात सांगत नसत, आप्पांना कळलं तर दवाखान्यात नेतील, उगीच खर्चात पडतील म्हणून. मला सम्राटनं एकदा शपथ घालून सांगितली होती. गुंडूला कोण सांगणार? सम्राटच.

“खरं बोलतोय त्यो,” काकी म्हणाली. आवाज अगदी बारीक. “माझं लेकरू शेवटला माझ्यापाशीच हुतं की.” आणि मग ती रडली. सात वर्षांचं रडली. मी तिला धरून बसले, आणि प्रसेनजीत मान खाली घालून, डोळे पुसत, तिथंच बसून राहिला.

डोळे कोरडे झाल्यावर काकी म्हणाली, “कुटं अंगठा उठवायचा?”

“मावशी, आज नको. विचार करा…”

“सात वर्सं इचारच केलाय रं पोरा. मी त्याला माफ न्हाय केलं, ते बी लिव. मरस्तवर करणार न्हाय. पर फाशी नगो. माझ्या पोराचं शेवटचं बोलणं त्याच्यापाशी हाय. त्याला मारून ते बी मारायचं व्हय?”

तिनं अंगठा उठवला. त्याखाली मी सही केली. माझी पण, पहिल्यांदाच.

आप्पांना कळलं तेव्हा घरात महिनाभर कुणी कुणाशी नीट बोललं नाही. पण काकी ठाम होती, आणि विधवा भावजयीवर आवाज चढवायचं आप्पांच्यात धाडस नव्हतं.

मग वाट बघणं. दिल्लीहून उत्तर येतंय कुठं! माझं बी.एड. झालं, मुरगूडच्या हायस्कुलात नोकरी लागली. ‘अर्जाचं काय झालं’ हे विचारायला मी बूथवरनं फोन करायची. अर्जाचं काही झालेलं नसायचं, हे दोघांनाही ठाऊक असायचं…

“दिल्लीचं काय?” मी विचारायची.

“काही नाही. तुझं काय?”

“माझं पण काही न्हाय.”

“मग फोन का केलास?”

“दिल्लीचं विचारायला!”

आणि दोघंही हसत बसायचो, मीटरचे आकडे पळत राहायचे. एकदा असंच हसता हसता तो थांबला. “अनुजा, अर्जाचं उत्तर आलं की तू फोन करायचं बंद करशील?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं… उत्तर लवकर यावं त्या माणसासाठी. आणि कधीच येऊ नये माझ्यासाठी. असं वाटलं की स्वतःचीच लाज वाटते.”

“मला पण तसंच वाटतं,” मी म्हणाले. बूथवाला माझ्याकडं बघत होता. बघू दे मेल्याला. “मला तू आवडतोस. लई आवडतोस. आता ठेवते, बिल वाढतंय.”

घरात मला स्थळं येत होती. मी एकेकाला नाकारत होते. आप्पांनी कारण विचारलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक होतं आणि तोंडानं ऐकायचं नव्हतं. दोन हजार सालच्या मे महिन्यात कागलचं एक स्थळ आलं, आणि आप्पांनी मला न सांगता सुपारी फोडायचा दिवस ठरवला. मी जेवण सोडलं. आप्पांनी ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात प्रसेनजीत आला. भर दुपारी, अंगणात, घामानं निथळत. आप्पा, काकी आणि मी, तिघंही पुढच्या सोप्यात होतो.

“जन्मठेप झाली,” तो म्हणाला. “फाशी रद्द.”

काकीनं डोळे मिटले. “माझा प्रश्न इचारलास त्यादिशी, त्यानं माझ्याबद्दल काय इचारलं हुतं काय?” तिनं मधेच विचारलं.

“विचारलं, तुम्हाला अजून चक्कर येते का.”

“सांग त्याला, न्हाय येत.”

आप्पांनी धोतराचा सोगा झटकला. मग म्हणाले, “झालं न्हवं काम, कांबळे? आता हितं परत यायचं कारण न्हाय.”

“एक कारण आहे, आप्पा,” तो म्हणाला. त्या दिवशीसारखेच पाय कापत असणार त्याचे, मला इथनं कळत होतं. “मला अनुजाशी लग्न करायचंय.”

आप्पा ताडकन उठले. “गाव काय म्हणंल? भावकी काय म्हणंल? जातीचं…”

“भावोजी,” काकी म्हणाली. ती आप्पांशी कधी मोठ्यानं बोलत नसे. “सात वर्सं गाव म्हणत हुतं, शेवंताला फाशीच पायजे. भावकी म्हणत हुती. तुम्ही बी म्हणत हुता. मला कुणी इचारलं?”

आप्पांनी तिच्याकडं वळून बघितलं.

“ह्या पोरीनं इचारलं. आणि ह्या पोरानं. आता तिला कोण इचारणार हाय का, का तिचं बी तुम्हीच सांगणार?”

आप्पा दाराशी गेले. चौकटीला हात टेकून पाठमोरे उभे राहिले. भावकी, जात, सुपारीचा दिवस… सगळं त्यांच्या पाठीवर दिसत होतं मला. शेवटी ते वळले, आणि त्यांचे डोळे भरले होते.

“अनू,” ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. “तुझं काय म्हणणं हाय?”

एरवी माझं तोंड कधी बंद नसतं. त्या दिवशी शब्दच फुटेना.

“व्हय,” मी कशीबशी म्हणाले.

“मोठ्यानं बोल की!”

“व्हय!”

आप्पांनी अंगणाकडं बघितलं. उन्हात उभा असलेला तो, गळ्यापर्यंत घामानं भिजलेला, हातांचं काय करावं ते न कळणारा.

“मग त्याला उन्हात का उभा ठेवलायस?” आप्पा म्हणाले. “आत बसायला सांग.”